फॅक्टरी ते अकाउंट्स

हेमचंद्र टेंभेकर जबलपूरच्या रिछाई भागातल्या एका कारखान्यात शाई जुळवायचा. तिथं नमकीनचे, मसाल्यांचे, औषधांचे खोके छापले जात. गिऱ्हाईक जुना खोका आणून द्यायचं आणि त्यावरचा लाल किंवा पिवळा जसाच्या तसा उतरला पाहिजे म्हणायचं. हेमचंद्र संगमरवरी लादीवर पात्यानं शाया घोटायचा, कागदाच्या कपट्यावर बोटानं ठिपका ओढायचा, खिडकीशी जाऊन उजेडात बघायचा आणि परत येऊन अगदी थोडा काळा घालायचा. अख्खं तरुणपण त्यात गेलं.

मग मालकाच्या मुलानं कारखाना भोपाळजवळ मंडीदीपला हलवला. तिथल्या नव्या मशीनला रंग आपोआप मोजता येत होता. छपाईची तरणी पोरं तिकडे गेली. हेमचंद्र, कटिंगवरचा गणपत आणि त्यांच्या वयाचे बाकीचे घरी बसले. गणपत शहराबाहेरच्या पनागरचा. त्याची थोडी शेती होती; तो मटार आणि भाजी लावायला लागला. हेमचंद्राकडे शेती नव्हती. मदन महलला दोन खोल्यांचं घर होतं, इंदूरला इंजिनिअरिंग शिकणारा मुलगा अक्षत होता, आणि बायको अनसूया एका खाजगी शाळेत लायब्ररी सांभाळत होती.

उन्हाळाभर तो घरात होता. अनसूया शाळेतून यायची तेव्हा त्यानं भांडी घासून ठेवलेली असायची, आणि ह्या गोष्टीचं तिला बरं वाटण्याऐवजी भरून यायचं. एकदा तिनं शाळेच्या दारात वाटलेला एक कागद आणला. मदन महल स्टेशनजवळ, चष्म्याच्या दुकानाच्या वर, अकाउंट्सचा क्लास निघाला होता. टॅली, जीएसटी, इन्कम टॅक्स, शंभर टक्के प्लेसमेंट. वयाची अट नाही.

"चालवणारा आपल्यातलाच मुलगा आहे," ती म्हणाली. "योगेश नाव त्याचं. त्याच्या आईला मी ओळखते."

हेमचंद्रानं कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. छपाई फिकी होती, पण ते तो बोलला नाही. त्याचं कॉमर्स बारावीपर्यंत झालं होतं, तेही कधीकाळी. अनसूयानं त्याला विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन ती फी भरून आली.

क्लासमध्ये सगळी पोरं अक्षतच्या वयाची होती. कुणी बी.कॉम. झालेलं, कुणी करत असलेलं. ती त्याला अंकल म्हणत आणि मागच्या बाकावर त्याच्यासाठी पंख्याखालची जागा सोडत. पहिले काही दिवस तो डेबिट-क्रेडिटवरच अडून बसला. आपण बँकेत पैसे भरले की आपल्या वहीत डेबिट आणि बँकेच्या कागदावर तेच क्रेडिट, हे त्याला लबाडीसारखं वाटायचं. योगेश सर तिशीतला मुलगा. सी.ए.च्या परीक्षेला बरेचदा बसला होता, मग सोडून दिलं होतं. पण शिकवायचा मनापासून. त्यानं हेमचंद्राला फळ्यापाशी बोलावलं आणि म्हणाला, काका, बँक तिच्या बाजूनं लिहिते, तुम्ही तुमच्या बाजूनं लिहा. माणूस आरशासमोर उभा राहिला की उजवा हात डावा दिसतो, तेवढंच आहे.

त्या दिवसापासून गाडी रुळावर आली. अक्षतच्या टेबलावर एक जुना कॉम्प्युटर मांडला होता. हेमचंद्र घरी येऊन त्यावर दिलेली उदाहरणं परत परत करायचा. बँकेचं स्टेटमेंट आणि आपली वही जुळत नसली की त्याला जेवण गोड लागत नसे. कुठंतरी एक चेक अजून वटलेला नाही, कुठंतरी बँकेनं आपले चार्जेस कापलेत, हे शोधता शोधता एका ठिकाणी फरक शून्य व्हायचा, आणि लादीवरची शाई नमुन्याला लागली की पूर्वी जसं छातीत मोकळं वाटायचं, तसं वाटायचं. अनसूयाला त्यानं हे सांगून पाहिलं. ती पोळ्या लाटत होती. "मग हेच काम तुमच्यासाठी होतं," ती म्हणाली. "उगाच शाईत हात घातले."

परीक्षेत तो बॅचमध्ये पहिला आला. योगेशनं त्याला कुणाचा तरी टाय बांधायला लावून फोटो काढला. त्या फोटोचं मोठं बॅनर क्लासच्या जिन्यापाशी लागलं: फॅक्टरी से अकाउंटंट तक. खाली हेमचंद्राचं नाव. तेव्हा त्याला नोकरी लागलेली नव्हती. नेपियर टाउनमधल्या एका टॅक्सवाल्या वकिलांच्या ऑफिसात प्रॅक्टिकल ट्रेनिंगसाठी त्याला पाठवलं होतं. तीन महिने बिनपगारी, मग काम पाहून ठेवून घेणार, असं योगेशनं सांगितलं होतं.

पण अनसूयानं तो फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. हळदीकुंकवाला बायकांना सांगितलं, हे आता टॅक्सच्या ऑफिसात असतात. हेमचंद्राच्या जुन्या सोबत्यांचे फोन आले. पनागरहून गणपतचा आला. तो म्हणाला, हेमभाऊ, तू तर साहेब झाला. हेमचंद्र हसला. अजून पक्कं नाही, असं म्हणायचं होतं, ते राहून गेलं. तीन महिन्यांत पक्कं होईलच, मग वेगळं काय सांगायचं, असं त्याला वाटलं.

वकिलांच्या ऑफिसात दुकानदारांच्या बिलांच्या पिशव्या यायच्या. कापडवाले, टाइल्सवाले, औषधवाले. बिलं चहानं डागाळलेली, चुरगळलेली. हेमचंद्र ती तारखेनं लावायचा, एकेक टॅलीत चढवायचा, जीएसटीच्या पोर्टलवर कुठलं बिल दिसत नाही ते काढायचा आणि दुकानदाराला फोन करून विचारायचा. दुकानदार त्याच्यावर डाफरत आणि मग दुरुस्त करून देत. वकीलसाहेब आत काचेच्या केबिनमध्ये असत. त्यांनी त्याला एकदाही नावानं हाक मारली नाही, पण रिटर्न भरायच्या तारखेआधी त्याच्या टेबलाशी येऊन झालं का, म्हणून विचारत. अकाउंटंट असणं म्हणजे हेच असावं, असं हेमचंद्राला वाटायचं. इस्त्रीचा शर्ट घालून तो मेट्रो बसनं जायचा आणि रसल चौकात उतरून पुढचं पायी चालायचा. ते चालणं त्याला आवडायचं.

मुदत संपत आली तेव्हा योगेशच्या पुढच्या बॅचमधली एक मुलगी आली. वकीलसाहेबांनी हेमचंद्राला तिला काम समजावून द्यायला सांगितलं. त्यानं नीट समजावलं. कुठला दुकानदार किती वाजता फोन उचलतो, हेसुद्धा सांगितलं. तिच्यासाठी दुसरी खुर्ची येईल असं त्याच्या मनात होतं. दुसरी खुर्ची आली नाही; मुलगी त्याच्याच खुर्चीवर बसली. शेवटच्या दिवशी तो काचेच्या केबिनमध्ये गेला आणि आपलं पुढे काय, असं विचारलं.

वकीलसाहेब चांगलं बोलले. त्यांनी त्याला बसायला सांगितलं, चहा मागवला.

"आपका काम बहुत साफ़ है," ते म्हणाले. "लेकिन आपको रखूँगा तो तनख्वाह देनी पड़ेगी. योगेशजी के बच्चे तनख्वाह नहीं माँगते. आप ही बताइए, मैं क्या करूँ?"

हिशोब बरोबर होता.

घरी त्यानं सांगितलं की ट्रेनिंग पूर्ण झालं, आता ते कळवतील. मग तो जाहिराती बघून अर्ज करायला लागला. बहुतेक ठिकाणी वय तीसपर्यंत हवं होतं. जिथं वयाचं लिहिलेलं नसायचं तिथं अनुभव हवा असायचा, आणि वकिलांच्या ऑफिसातलं काम कुणी अनुभवात धरायला तयार नव्हतं. शहरातल्याच गोरखपूर बाजारातल्या एका फर्निचरवाल्यानं भेटायला बोलावलं. हेमचंद्र फाईल घेऊन बसला. शेटजी आले, त्यांनी फाईल चाळली आणि विचारलं, मुलगा कुठं आहे? हेमचंद्राला आधी समजलं नाही. मग समजलं. मुलाची नोकरी बघायला बाप आला आहे, असं त्यांना वाटलं होतं. मीच आहे, असं त्यानं सांगितलं. शेटजींना अवघडल्यासारखं झालं. त्यांनी त्याला आतल्या गल्लीतल्या दुकानातून गरम खोव्याची जलेबी मागवून खायला घातली आणि दुकानाच्या दारापर्यंत सोडायला आले.

योगेशकडे गेला तो तक्रार करायलाच. शंभर टक्के प्लेसमेंट कुठं आहे, हे विचारायचं त्यानं ठरवलं होतं. योगेशनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, काका, तुम्ही इथंच काहून नाही येत? ॲडमिशनच्या टेबलावर माणूस पाहिजे. चौकशीला लोक येतात, त्यांना समजावून सांगायचं. पगार देईन.

हेमचंद्र म्हणाला की आपण अकाउंट्स शिकलो, आपल्याला अकाउंट्सचं काम हवं. निदान क्लासचे हिशोब तरी आपल्याकडे द्यावेत. योगेश हसला. क्लासचे हिशोब नेपियर टाउनलाच जात होते, त्याच वकिलांकडे. तिथली ट्रेनिंगची पोरं ते फुकटात लिहून देत होती.

"मी शिकवतो, पण माझ्याकडे पाहून कोणी ॲडमिशन नाही घेत," योगेश म्हणाला. "तुमचे केस पांढरे आहेत, बोलणं शांत आहे. आईबाप तुमच्यावर भरोसा करतील. बॅनरवर फोटो पण आहे."

हेमचंद्रानं घरी विचारून सांगतो म्हटलं आणि घरी न विचारताच दुसऱ्या दिवशी गेला. योगेशनं त्याच्यासाठी कार्ड छापून घेतली. त्यावर अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह असं होतं. अनसूयानं एक कार्ड देवाजवळ ठेवलं. तिला त्यानं सांगितलं की क्लासचे हिशोब बघतो.

त्या खुर्चीवर तो चांगला रुळला, हेच वाईट झालं. पहिल्यांदा बोलताना त्याची जीभ अडखळायची. मग त्याच्या लक्षात आलं की खोटं बोलावंच लागत नाही. लोक बॅनर बघूनच वर यायचे. मी कारखान्यात होतो, इथं शिकलो, पहिला आलो, नेपियर टाउनला वकिलांकडे काम केलं, आता इथं आहे. यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. ऐकणाऱ्याच्या मनात त्यातून जे तयार व्हायचं तेवढं खरं नव्हतं. कुणी थेट विचारलंच की नोकरी लागेल ना, तर तो म्हणायचा, मेहनतीवर आहे. आणि समोरचे मान डोलवायचे, कारण प्रत्येकाला आपलं पोर मेहनती आहे असं वाटत असतं. बॅचेस भरायला लागल्या. मराठी घरांतले लोक त्याचं आडनाव वाचून आणखी मोकळे व्हायचे. क्लासमधून बाहेर पडलेली पोरं पुढे कुठे जातात ते त्याला ठाऊक होतं: तीन महिने नेपियर टाउन किंवा तसंच दुसरं ऑफिस, मग घर. काही मोबाईलच्या दुकानात लागली होती. एकदोघांना खरंच नोकरी मिळाली, त्यांची नावं तो पाठ म्हणायचा.

थंडीत, मटार निघायच्या दिवसांत, एका सकाळी गणपत वर आला. खांद्यावर मटारची पिशवी, बरोबर मुलगी. रुचिरा नाव तिचं. हेमचंद्रानं तिला लहानपणी कारखान्याच्या विश्वकर्मा पूजेला पाहिलं होतं. ती बी.ए. झाली होती. तिला मराठी समजायची, पण बोलताना हिंदीच तोंडात यायचं.

गणपतनं पिशवी टेबलाखाली ठेवली. "वहिनींसाठी आणले," तो म्हणाला. मग खुर्चीत बसून चारी बाजूंना कौतुकानं पाहत राहिला. नंतर त्यानं विषयाला हात घातला. पोरगी घरी बसून राहिली आहे, तिलाही तुझ्यासारखं लावून द्यायचं. फीची सोय त्यानं केली होती. दुभत्या म्हशींपैकी एक विकून आला होता.

हेमचंद्रानं फॉर्म काढला नाही. त्यानं आजवर कित्येकांचे फॉर्म भरले होते, पण ह्या माणसाबरोबर तो वर्षानुवर्षं एका डब्यातलं जेवला होता. तो उठला आणि दोघांना खाली चहाच्या टपरीवर घेऊन गेला. चहा हातात आल्यावर तो गणपतकडे न बघता बोलला.

"गणपत, मी अकाउंटंट नाही आहे."

"म्हणजे?"

हेमचंद्रानं सगळं सांगितलं. बिनपगारी तीन महिने, त्याच्या खुर्चीवर बसलेली मुलगी, फर्निचरवाला शेटजी, हे टेबल. इथं शिकवतात चांगलं, पण पुढं काही नाही, नोकऱ्याच नाहीत, जी आहेत ती कामं शिकाऊ पोरांकडून फुकट करून घेतात. पैसे परत घेऊन जा, असं म्हणाला. रुचिरा कप हातात धरून त्याच्याकडे टक लावून पाहत होती.

गणपतनं चहा संपवला. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला, पण हेमचंद्राला वाटलं होतं तसा नाही.

"तुझा फोटो लावला आहे इथं," गणपत म्हणाला. "वहिनींनी माझ्या बायकोले सांगितलं, टॅक्सच्या ऑफिसात आहे. मी फोन केला तेव्हा तू नाही म्हटलं नाही. तेव्हा खोटं बोलला का आता बोलून राहिला?"

"तेव्हा."

"मग आताचं खरं काहून मानू?"

हेमचंद्र म्हणाला की आपण त्याच्या भल्यासाठी सांगत आहोत. त्यावर गणपत उठून उभा राहिला. आवाज त्यानं चढवला नाही. जबलपूरची पोरं तुमच्याकडे येतात त्यांना घेतोस, असं तो म्हणाला. पनागरची पोरगी आली तर कोर्स खराब झाला.

"तू साहेब झाला ते चांगलं झालं," तो म्हणाला. "माझी पोरगी तुझ्या बाजूच्या खुर्चीवर बसेल हे तुले पाहवत नाही. इतकंच सांगायचं होतं, चहा काहून पाजला?"

त्यानं रुचिराला हाक मारली आणि जिना चढून सरळ योगेशच्या केबिनमध्ये गेला. हेमचंद्र टपरीवरच उभा राहिला. चहाचे पैसे दिले, आणि वर न जाता आणखी एक चहा घेतला. ते खाली आले तेव्हा गणपतच्या हातात पावती होती. तो शेजारून निघून गेला. रुचिरानं मान वळवून एकदा पाहिलं.

संध्याकाळी योगेशनं दार लावून घेतलं. हेमचंद्राला वाटलं, आता हा ओरडेल. ओरडला असता तर त्यालाही काही बोलता आलं असतं.

"काका, तुम्ही गलत नाही बोललात," योगेश म्हणाला. "मला माहीत आहे, तुम्हाला पण माहीत आहे. पण ह्या खुर्चीवर बसून ते नाही बोलायचं. मी सी.ए.त नापास झालो तेव्हा मला कोणी नोकरी नाही दिली. मी चार लोकांना पगार देऊन राहिलो, तो ह्या ॲडमिशनवर." मग त्यानं महिनाअखेरपर्यंतचा पगार पाकिटात घालून दिला आणि म्हणाला, उद्यापासून आराम करा.

हेमचंद्र घरी आला. मटारची पिशवी ऑफिसातच राहिली होती. त्यानं अनसूयाला सगळं सांगितलं, अगदी वकिलांच्या चहापासून. सांगताना त्याच्या मनात कुठंतरी होतं की नोकरी गेली, पण निदान एकदा तरी आपण योग्य ते केलं, आणि ती हे म्हणेल. अनसूया ऐकत होती. तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता.

"इतकी पोरं बसवलीत तेव्हा नाही आठवलं," ती म्हणाली. "त्यांच्या आईबापांनी पण काहीतरी विकलंच असेल. गणपतभाऊ ओळखीचे निघाले म्हणून आठवलं. यात खरं बोलण्यासारखं काय झालं?"

तिनं देवाजवळचं कार्ड उचलून कपाटात टाकलं. तिलाही आपण केलेल्या गोष्टी आठवत असाव्यात, कारण त्यानंतर बरेच दिवस ती बायकांच्या मंडळात गेली नाही. तिथल्या एका मैत्रिणीनं आपला मुलगा तिच्याच सांगण्यावरून क्लासला घातला होता.

काही आठवडे गेल्यावर हेमचंद्राला अधारतालच्या एका पाइपांच्या गोदामात काम लागलं. आलेल्या ट्रकमधला माल मोजून घ्यायचा आणि गेलेला मोजून द्यायचा. आत एका पार्टिशनमागे मालकाचा भाचा टॅलीवर बसायचा. हेमचंद्राला त्या पार्टिशनमागे कुणी बोलावलं नाही आणि त्यानंही आपण काय शिकलो ते सांगितलं नाही. अक्षत सुट्टीत आला तेव्हा हेमचंद्रानं घरातला कॉम्प्युटर विकून टाकला. गणपतला त्यानं दोनदा फोन केला. उचलला गेला नाही. पनागरहून मंडईत माल घेऊन येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून कळायचं तेवढंच: रुचिरा रोज बसनं येते-जाते, पोरगी हुशार आहे, गणपत सगळ्यांना सांगतो, पोरगी वकिलाच्या ऑफिसात आहे.

पुढच्या वर्षी गोदामाच्या मालकानं सगळ्यांची कागदपत्रं मागितली. शिक्षणाचं जे काही असेल ते लावा, म्हणाला. हेमचंद्राचं कोर्सचं सर्टिफिकेट अजून क्लासमध्येच पडलं होतं. त्यानं योगेशला मेसेज केला. योगेशनं लगेच उत्तर दिलं: या ना काका, टेबलावर ठेवायला सांगतो.

जिन्यापाशी आता दुसरं बॅनर होतं. त्यावर रुचिराचा फोटो होता. वर गेला तर ॲडमिशनच्या टेबलामागेही तीच होती. अंगात कोट, केस मागे बांधलेले. समोर एक बाई आणि तिची मुलगी बसली होती. रुचिरानं त्याला पाहिलं, थोडी थबकली, हातानं भिंतीशी बसायला सांगितलं आणि बोलणं चालू ठेवलं.

"हमारे यहाँ एक अंकल थे," ती त्या बाईंना सांगत होती. "फैक्टरी बंद हो गई थी उनकी. उम्र भी हो गई थी. यहाँ से सीखा, फर्स्ट आए. आज अच्छी जगह काम कर रहे हैं." तिचा आवाज शांत होता. ज्या ठिकाणी हेमचंद्र थांबायचा, त्याच ठिकाणी ती थांबत होती. कदाचित योगेशनं शिकवलं असेल, कदाचित ती खुर्चीच शिकवत असेल.

त्या बाईंनी घरी विचारून सांगते म्हटलं आणि दोघी बाहेर जिन्याच्या कठड्यापाशी जाऊन आपसात बोलायला लागल्या. रुचिरानं ड्रॉवरमधून सर्टिफिकेट काढून त्याच्यापुढे ठेवलं. पाणी आणून दिलं.

"काका, तुम्ही त्या दिवशी खरं बोलले होते," ती मराठीत म्हणाली. "मला तेव्हाच समजलं होतं."

"मग घेतलीस काहून ॲडमिशन?"

तिनं बाहेरच्या दोघींकडे एकदा नजर टाकली. "बाबा लगन पक्कं करून राहिले होते," ती म्हणाली. "कोर्स चालू आहे म्हटल्यावर एक साल निघालं. मग वकीलसाहब के यहाँ तीन महिने. आता ही नौकरी आहे. बाबा लोकांना सांगतात, पोरगी अकाउंटंट आहे, तिला मुलगा पण तसाच पाहिजे. तसा मुलगा भेटत नाही. माझं चालून राहिलं." ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "तुम्हाला बुरा वाटलं का? ते जे मी आता सांगितलं?"

हेमचंद्र नाही म्हणाला. त्यानं बाबा कसे आहेत ते विचारलं. ती म्हणाली, ठीक आहेत. तुमच्याबद्दल विचारलं तर उठून जातात. मी एकदा सांगून पाहिलं त्यांना, की काका चूक नव्हते. ते म्हणाले, मग तू तिथं काय करून राहिली?

त्यानं सर्टिफिकेट फाईलमध्ये घातलं. टेबलावरचा फोन वाजला आणि रुचिरा तो घ्यायला वळली. हेमचंद्र बाहेर आला. कठड्याशी त्या मायलेकी अजून उभ्या होत्या. मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची असेल. आईनं त्याच्या हातातली फाईल पाहिली, आणि फाईलच्या पारदर्शक कव्हरातून दिसणारं क्लासचं नाव.

"भाईसाहब, आपने यहीं से किया है?" तिनं विचारलं. "कोर्स ठीक है ना? लड़की की बात है."

आत रुचिरा फोनवर बोलायची थांबली होती. दार उघडं होतं. हेमचंद्राला तिच्याकडे बघायची गरज नव्हती. ती ऐकते आहे हे त्याला कळत होतं. ह्या बाईला खरं सांगायला काही लागत नव्हतं. टपरी तर खालीच होती. पण ही बाई खाली उतरली आणि ॲडमिशन अशा जायला लागल्या, तर उद्या ह्या खुर्चीवरून रुचिरा जाईल, पनागरला, एखाद्या मांडवात. आणि ही बाई त्याचं ऐकेलच असंही नाही. गणपतनं कुठं ऐकलं होतं?

"पढ़ाते अच्छा हैं," तो म्हणाला.

बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्यांनी त्याचे आभार मानले आणि मुलीच्या पाठीवर हात ठेवला. हेमचंद्र जिना उतरायला लागला. तो अर्ध्यात पोचला तेव्हा वरून खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला, आणि मग रुचिराचा, मुलीचं पूर्ण नाव विचारणारा.